मालक वारले, आता खोलीचं काय आणि थकलेल्या पगाराचं काय?

तेरावं आटोपलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कागद येतो. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला, चार ओळींचा. ‘आम्ही सदर खोली स्वखुशीने रिकामी करून देत आहोत. आमचे कोणतेही येणे बाकी नाही.’ खाली सहीसाठी रेघ. कागद आणणारा पुतण्या घाईत असतो, कारण मालकांच्या मुलीचं परतीचं विमान रविवारी आहे.

सगळी गोम त्या दोन वाक्यांत आहे. पहिलं वाक्य खोलीबद्दल, दुसरं पैशांबद्दल. कायद्यात या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारच थोडा संबंध आहे, पण कागदावर त्या शेजारी-शेजारी बसवल्या की एकाच सहीत दोन्ही जातात.

एक उदाहरण धरू. ते मी बेतलेलं आहे, पण वकिली करताना यातला प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे पाहिलेला आहे. कोथरूडमधला जुना बंगला. मालकांना सगळे अप्पा म्हणत. मागच्या आउटहाउसच्या दोन खोल्यांत एक जोडपं चौदा वर्षं राहतंय. मावशी स्वयंपाक करायच्या, आणि शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या अप्पांचं सगळंच. काका बाग, टाकीचा पंप, रात्रीची राखण बघायचे. खोलीचं भाडं नाही, वर दोघांचे मिळून महिना 5,000 ठरलेले. एप्रिल 2022 पासून तेही थांबले. ‘एफडी मोडली की एकदम देतो’, ‘तुमचं मी मृत्युपत्रात लिहून ठेवलंय, काळजी करू नका.’ डिसेंबर 2025 च्या अखेरीस अप्पा गेले. मुलगा बंगळुरूला, मुलगी टोरांटोला. मृत्युपत्र निघालं, त्यात मावशींचं नाव नव्हतं.

अशा वेळी दोन वह्या करायच्या. एकीवर ‘खोली’, दुसरीवर ‘येणं’. एका वहीतलं दुसरीत लिहायचं नाही.

खोलीची वही

पहिला प्रश्न असा, की तुम्ही त्या खोलीत कोण म्हणून राहता? वर्षं किती झाली, आधार कार्डावर पत्ता कुठला, रेशन कार्ड कधीचं, हे सगळं नंतर.

भाडेकरू असाल तर मालकाच्या मृत्यूने तुमचं काही बिघडत नाही. मालकाच्या जागी त्याचे वारस येतात, भाडं आणि भाडेकरार आहे तसा पुढे चालतो. ‘आमचा तुमच्याशी करारच नाही’ हे वारसांचं वाक्य ऐकायला जोरदार वाटतं, पण त्याला अर्थ नाही. 31 मार्च 2000 पासून लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूला चांगलं संरक्षण देतो. भाडं थकलं म्हणून दावा लावायचा तरी आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि 90 दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, तर त्या कारणावरून घर सोडावं लागत नाही. नळ तोडणं, लाइट बंद करणं यालाही या कायद्याने मनाई आहे.

भाडेकरूची खरी अडचण वेगळी असते: आता भाडं द्यायचं कोणाला? पुतण्या म्हणतो माझ्याकडे कुलमुखत्यारपत्र आहे. मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की ते त्याच्याबरोबर संपतं, त्यामुळे त्या कागदाच्या जोरावर आता कोणी भाडं गोळा करू शकत नाही. सगळ्या वारसांना एकच पत्र लिहा: ‘भाडं द्यायला मी तयार आहे, कोणाच्या खात्यात भरायचं ते सगळ्यांच्या सहीने कळवा.’ तोवर रक्कम बाजूला काढत राहा. वारसांमध्येच भांडण असेल तर ती कोर्टात भरण्याची वाट मोकळी असते. ‘मालकच नाही तर भाडं कसलं’ असं म्हणून गप्प बसलेला भाडेकरू मात्र स्वतःच्या हाताने थकबाकीदार होतो.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचं प्रकरण थोडक्यात सांगण्यासारखं आहे. मुदत संपली की मुक्काम संपला. पुढे राहिलात तर सक्षम प्राधिकाऱ्याचा बाहेर काढण्याचा हुकूम होतो आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई लागू शकते. अनामत रक्कम मात्र मयताचं देणं आहे, ती त्याच्या मालमत्तेतून परत मिळाली पाहिजे. ते दुसऱ्या वहीत.

आता मावशी-काका. इथे मला कडू बोलावं लागतं.

2012 साली सर्वोच्च न्यायालयापुढे गोव्यातल्या एका बहीण-भावाचा घराचा वाद आला होता. त्या निकालात न्यायालयाने स्वच्छ सांगितलं, की राखणदार, केअरटेकर किंवा नोकर कितीही वर्षं जागेत राहिला तरी त्या मिळकतीत त्याचा हक्क तयार होत नाही. मालकाने मागितली की जागा सोडावी लागते. नोकराचा ताबा हा कायद्याच्या डोळ्यांनी मालकाचाच ताबा. तेव्हापासून या प्रकारच्या बहुतेक खटल्यांत हा निकाल पुढे ठेवला जातो.

मग ‘बारा वर्षं झाली की घर आपलं’ हे गावोगाव ऐकू येतं ते काय? बारा वर्षांचा नियम आहे, पण तो मालकाच्या विरोधात, उघडपणे, हक्क सांगून राहणाऱ्यासाठी. अप्पांनी स्वतः किल्ली दिली, मावशी त्यांच्या परवानगीने राहिल्या. परवानगीच्या ताब्याची चौदा वर्षं काय आणि चाळीस काय, हिशोब शून्य. एखादा सल्लागार ‘बारा वर्षांचा दावा टाकू, पन्नास हजार काढा’ म्हणाला तर त्याच्या समोरून उठून या.

एक फट मात्र आहे, आणि ती प्रामाणिकपणे तपासायला हवी. संपत्ती हस्तांतरण कायद्यात भाडं म्हणजे फक्त पैसे असं लिहिलेलं नाही. पिकाचा वाटा, ठरावीक काळाने करायची सेवा, हेही भाडं होऊ शकतं. म्हणजे ‘खोली स्वतंत्रपणे तुमची, बदल्यात बाग तुम्ही बघायची’ असा सौदा असेल, खोलीत दुसऱ्या कोणाचा पायरव नसेल, काका दिवसभर बाहेर दुसरी नोकरी करत असतील, तर ती भाडेकरूगिरी आहे असा युक्तिवाद उभा राहू शकतो. पण काम करता यावं म्हणूनच जिथे राहायला ठेवलं, रात्री हाक मारली की यायचं, तिथे तो टिकणं कठीण. आणि टिकला तरी, नोकरीमुळे दिलेलं घर नोकरी संपल्यावर परत मागता येतं, हे कारण खुद्द भाडे कायद्यातच आहे.

दुसरी फट बांधकामाची. मालकाच्या परवानगीच्या आधारावर तुम्ही स्वतःच्या खर्चाने तिथे कायमस्वरूपी बांधकाम केलं असेल, तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार ती परवानगी सहजी मागे घेता येत नाही. पुढे पत्र्याची पडवी काढली, न्हाणीघराला फरशी बसवली, यावर भिस्त ठेवू नका. खर्च केला असेल तर पावत्या दुसऱ्या वहीत लावा.

गोव्याच्या वाचकांच्या मनात एव्हाना ‘मुंडकार’ हा शब्द आला असेल. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जागेतल्या घरात राहणाऱ्या मुंडकाराला 1975 च्या कायद्याने संरक्षण दिलं, पुढे घर विकत घेण्याचा हक्कही दिला. सेवा करण्याचं बंधन असो वा नसो. पण भाटकाराच्या घराच्या आवारातल्या आउटहाउसमध्ये राहून घरकाम करणाऱ्याला त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. म्हणजे आपल्या मावशी फोंड्याला असत्या तरी त्या वाटेने फार पुढे गेल्या नसत्या.

तर मग मावशींच्या हातात काय आहे? वेळ. तोच सुविधाधिकार कायदा म्हणतो, की परवानगी काढून घेतली तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी मुदत दिली पाहिजे. वाजवी म्हणजे किती, हे त्यात लिहिलेलं नाही. चौदा वर्षांचा संसार, मावशींच्या मुलीची मार्चमध्ये दहावी, एवढं सांगून दोन-तीन महिने मागणं गैर नाही, आणि माझ्या अनुभवात लेखी मागितले तर बरेचदा मिळतात. सामान बाहेर फेकणं, मारहाण, धमकी यांची परवानगी कोणत्याही वारसाला नाही. तसं झालं तर पोलीस ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणतील. खोलीचा हक्क दिवाणी बाब आहे, धक्काबुक्की नाही. तक्रार लिहून द्यायची आणि पोच घ्यायची.

येण्याची वही

इथे चित्र पालटतं. परवानगी माणसाबरोबर जाते, पण देणं जात नाही. अप्पांनी मावशींचे जे पैसे देणं लागत होते, ते आता त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर बसतं. बंगला, ठेवी, शेअर जे काही वारसांच्या हातात येईल, त्याच्या मर्यादेपर्यंत वारस बांधील. मुलाच्या स्वतःच्या बंगळुरूच्या पगारावर मावशींचा हक्क नाही. पण कोथरूडच्या बंगल्यातला वाटा घ्यायचा आणि अप्पांचं देणं मात्र ‘ते त्यांचं ते’ म्हणायचं, हे चालत नाही.

1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात एक छोटंसं कलम आहे, 322 वं. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने किंवा कोर्टाने नेमलेल्या प्रशासकाने देणी कोणत्या क्रमाने फेडायची, ते तिथे आणि त्याच्या आधीच्या दोन कलमांत सांगितलंय. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजाराचा खर्च. मग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून शाबीत करून घेण्याचा, आणि कोर्टकचेरीचा. आणि लगेच त्यानंतर, बाकी सगळ्या कर्जांच्या आधी, मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत मजुराने, कारागिराने किंवा घरगड्याने केलेल्या कामाचा पगार. बँकेचं साधं कर्ज नंतर. शंभर वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्याला, आजारी माणसाच्या उशाशी शेवटी कोण बसलेलं असतं ते ठाऊक असावं. आपल्या उदाहरणात ते ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 चे 15,000. रक्कम छोटी आहे, पण बोलणी सुरू करायला याहून चांगली जागा नाही.

बाकीच्या महिन्यांचं काय? तिथे शत्रू वारस नसून कॅलेंडर असतं. पगाराचा दावा तो पगार देय झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. प्रत्येक महिन्याच्या पगाराचं घड्याळ वेगळं, आणि ते मालकाच्या मृत्यूने थांबत नाही, सुतक पाळत नाही. मावशींचे एप्रिल 2022 ते डिसेंबर 2025 असे 45 महिने थकले, म्हणजे 2,25,000. दावा 1 जुलै 2026 ला लावला तर जुलै 2023 पासूनचेच महिने मुदतीत बसतात: 30 महिने, 1,50,000. आणखी सहा महिने ‘बघू, मुलगा चांगला आहे, तो देईल’ करत 1 जानेवारी 2027 उजाडलं, की 24 महिने, 1,20,000. थांबण्याचा दर महिना 5,000.

यातून सुटका करणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे कबुली. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने ‘इतकं देणं आहे’ असं लिहून सही केली, तर सहीच्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. जून 2024 मध्ये अप्पांनी ‘एप्रिल 2022 पासूनचा मावशींचा पगार बाकी आहे’ असं लिहून सही केली असती, तर तोवरचा प्रत्येक महिना जून 2027 पर्यंत जिवंत राहिला असता. कबुली थेट मावशींनाच दिलेली असावी लागते असंही नाही. मुलीला लिहिलेल्या सहीच्या पत्रातली चालते.

आणि डायरी? अप्पांच्या पिढीच्या माणसाची हिशोबाची डायरी असतेच. दूध, पेपर, गॅस, आणि मधेच ‘मावशी – 7 म. बाकी’. मेलेल्या माणसाने स्वतःच्या तोट्याचं लिहून ठेवलेलं वाक्य पुरावा म्हणून चालतं, कारण स्वतःच्या अंगावर खोटं देणं कोणी उगाच लिहून ठेवत नाही. पण त्याखाली सही नसेल तर देणं शाबीत व्हायला मदत होईल, मुदत वाढणार नाही. अर्धवट दिलेल्या रकमेचंही तसंच: मुदतीच्या आत अप्पांनी काही रक्कम दिली आणि ती दिल्याची नोंद त्यांच्या अक्षरात किंवा सहीत असेल, तर त्या दिवसापासून मुदत पुन्हा मोजतात. म्हणून ती डायरी रद्दीत जायच्या आधी तिचे फोटो काढा, आणि ती जपून ठेवा असं वारसांना लेखी कळवा. कपाट उघडून ती घेऊन येऊ नका. चोरीचा आळ यायला तेवढं पुरतं.

बाकीचा पुरावा मावशींच्याच पिशवीत सापडतो. औषधाच्या दुकानातल्या चिठ्ठ्या, नर्सने वहीत लिहिलेलं ‘रात्री मावशी हजर’, मुलीचे ‘मावशी, बाबांनी जेवण केलं का?’ असे व्हॉट्सअ‍ॅप संदेश. मोबाइल बदलू नका, संदेश पुसू नका. कोर्टात ते द्यायचे तर सोबत प्रमाणपत्र लागतं, ते कसं करायचं ते वकील सांगतो. शेजारच्या बंगल्यातल्या आजी साक्षीला तयार आहेत का, हे त्यांची तब्येत चांगली असतानाच विचारा.

वारसांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘खोली फुकट होती, तोच पगार.’ हे सर्रास खोटं नसतं. पगार मुळात ठरलाच नव्हता, किंवा खोली हाच मोबदला होता असं निघालं, तर मावशींचा दावा बराच आखूड होतो. पण इथे सुरुवातीची काही वर्षं 5,000 नियमित मिळाले. बँकेच्या पासबुकात दर महिन्याची ती नोंद असेल, तर खोली धरून वर 5,000 असा सौदा होता हे तीच नोंद सांगते. काहीच ठरलं नसेल तरी वाट बंद नाही. फुकट करायचा हेतू नसताना एकाने काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याने भरपाई द्यावी, असं 1872 चा करार कायदा म्हणतो. मग कोर्ट त्या कामाची वाजवी किंमत बघतं. ‘घरच्यासारखीच होती हो ती’ हे वाक्य नेमकं इथेच आडवं घालतात. घरच्यासारखी असलेल्या बाईला आधी पगार का देत होता, एवढंच विचारायचं.

‘मृत्युपत्रात लिहिलंय’ या आश्वासनाचं मात्र फार काही होत नाही. मृत्युपत्राला सही आणि दोन साक्षीदार लागतात. स्थावर मालमत्ता बक्षीस द्यायची तर नोंदणीकृत दस्त लागतो. व्हरांड्यात दिलेला शब्द यातल्या कशातच बसत नाही. उलट, नाव खरंच निघालं असतं तर एक गंमत होती. मृत्युपत्रात ‘पगाराच्या बदल्यात’ असं म्हटलेलं नसेल, तर धनकोला मिळालेली देणगी वेगळी आणि त्याचं येणं वेगळं, दोन्ही मिळतात.

दावा कुठे लावायचा, यात लोक बरेच हेलपाटे घालतात. घरात काम करणारी बाई बहुतेक कामगार कायद्यांच्या बाहेर पडते, कारण ते दुकान, कारखाना, व्यवसाय अशा आस्थापनांसाठी आहेत. 2008 चा महाराष्ट्राचा घरेलू कामगार कायदा कल्याण मंडळ आणि नोंदणीसाठी आहे. थकलेला पगार वसूल करून देणं हे त्याचं काम नाही. म्हणून मावशींची वाट दिवाणी न्यायालयाची. काका मात्र अप्पांच्या दुकानात किंवा लॉजवरही राबत असतील, तर तेवढ्या कामासाठी नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेखाली अर्ज करता येतो.

वकिलाच्या फीला घाबरून अनेक जण इथेच थांबतात. महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून. 15100 या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. दावा न लावताच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे झालेली तडजोड कोर्टाच्या हुकमाइतकीच पक्की असते. असल्या वादांसाठी मला तीच जागा बरी वाटते. टोरांटोच्या मुलीला दहा वर्षं तारखा नको असतात, आणि मावशींनाही.

दोन वह्या समोरासमोर

मोह असा होतो, की पैसे मिळेपर्यंत खोली सोडायची नाही. समजण्यासारखा आहे, पण महागात पडतो. खोली अडवली की वारस ताब्याचा दावा लावतात, वापराची भरपाई मागतात, आणि 1,50,000 चं साधंसरळ येणं त्या भांडणाखाली गाडलं जातं. न्यायाधीशापुढेही ‘पगार थकलेली बाई’ जाऊन ‘जागा बळकावणारी बाई’ उभी राहते. वारसांनीही ‘आधी खोली सोडा, मग बघू’ म्हणून पगार अडवायचा नसतो, पण ते अडवतात.

खोली सोडण्याची तारीख ही बोलण्यात वापरायची गोष्ट आहे. ती द्यायची, पण फुकट नाही आणि तोंडी नाही. ‘आम्ही 30 एप्रिलपर्यंत खोली रिकामी करतो. थकलेल्या पगाराचा हिशोब सोबत जोडला आहे. त्यापैकी शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे त्याआधी आमच्या खात्यात भरावेत आणि उरलेल्याबद्दल लेखी कळवावं.’ असं पत्र मुलगा आणि मुलगी दोघांना, ईमेलने आणि पोस्टाने, पोच ठेवून. त्यांनी उत्तरात ‘अमुक रक्कम आम्हाला मान्य आहे’ असं लिहून सह्या केल्या, तर मुदतीतल्या रकमेला पुन्हा तीन वर्षं मिळाली.

बंगला विकायला काढला असेल तर वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस बघत राहा. मावशींचं येणं बंगल्यावर बोजा म्हणून चढत नाही, त्यामुळे नुसत्या हरकतीने विक्री थांबणार नाही. पण दावा लावला असेल आणि वारस मालमत्ता विकून पैसे देशाबाहेर नेण्याच्या बेतात असतील, तर निकालाआधी जप्तीचा अर्ज करता येतो.

आणि तो स्टॅम्प पेपर. त्यातलं पहिलं वाक्य ठेवा, दुसरं खोडा. त्या जागी लिहा: ‘खोलीचा ताबा आज दिला. पगाराचे येणे बाकी असून त्याबाबतचा आमचा हक्क कायम आहे.’ खोडल्या जागी दोन्ही बाजूंच्या सह्या, किल्ल्या किती दिल्या तो आकडा, विजेच्या मीटरचं रीडिंग आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो. कागदाची एक प्रत मावशींच्या पिशवीत गेल्याशिवाय किल्ली पुतण्याच्या हातात द्यायची नाही, विमान रविवारचं असलं तरी.